दोन-तीन आमदारांचा पक्ष कशासाठी?



यंदा आपल्या शाळेत नववी ते बारावीच्या मुलांची अभिरूप संसद झाली. तुमच्यापैकी बरेच पालक त्या दिवशी सभागृहात होते. भाषणे छान झाली, अध्यक्षांची घंटाही योग्य वेळी वाजली. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्या खोलीत आली. तिला 'इतर पक्ष' म्हणून कोपऱ्यातल्या बाकावर आणखी दोघांसोबत बसवले होते. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही तिघांनी पंधरा दिवस तयारी केली होती. आम्हाला एकदाही बोलायला मिळालं नाही. मग आम्हाला बसवलं तरी कशाला? आणि खऱ्या विधानसभेतसुद्धा असे दोन-तीन आमदार असतात, ते काय करतात?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते आणि ते माझ्याच माथी येत होते. वेळापत्रक मी आखले होते. सत्ताधाऱ्यांना वीस मिनिटे, विरोधकांना वीस मिनिटे, आणि 'वेळ उरल्यास इतर'. वेळ उरला नाही. शाळेच्या कार्यक्रमात वेळ कधी उरत नाही, हे इतक्या वर्षांनंतर मला ठाऊक असायला हवे होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिला दोन वाक्यांत देता येईना. म्हणून हा लेख.

आधी शब्दांचे थोडे. माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी आणि राज्यशास्त्र हिंदीत, अशी आमच्या पिढीच्या इंदुरी मराठी मुलांची रीतच होती. त्यामुळे मला आधी 'बहुदलीय व्यवस्था', 'क्षेत्रीय दल', 'दलबदल' हे शब्द येतात आणि मग बहुपक्ष पद्धती, प्रादेशिक पक्ष, पक्षांतर. तुमची पाठ्यपुस्तकेही हिंदीतच आहेत, म्हणून दोन्ही शब्द माहीत असू द्या. एक गंमत सांगते. हिंदीत जिथे 'गठबंधन' हा एकच शब्द सर्रास चालतो, तिथे महाराष्ट्रात 'युती' आणि 'आघाडी' असे दोन शब्द दोन वेगवेगळ्या छावण्यांना चिकटले आहेत. अर्थ जवळजवळ एकच आहे, पण तिथे चुकीचा शब्द वापरलात तर लोक तुम्हाला दुरुस्त करतात.

आता मुद्द्यावर येऊ. लांब कशाला, आपल्याच राज्याचा हिशेब घ्या. मध्य प्रदेश विधानसभेत २३० जागा आहेत, म्हणजे बहुमताला ११६ लागतात. डिसेंबर २०१८ च्या निकालात काँग्रेसला ११४, भारतीय जनता पक्षाला १०९, बहुजन समाज पक्षाला २, समाजवादी पक्षाला १ आणि अपक्षांना ४ जागा मिळाल्या. बेरीज करून पाहा, २३० होते. सर्वांत मोठ्या पक्षाला दोन जागा कमी पडल्या. ज्या आमदारांची नावेही आदल्या दिवसापर्यंत भोपाळच्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून येत नव्हती, त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठिंब्यावर कमलनाथ यांचे सरकार आले.

छोट्या पक्षाला असे बळ मिळते ते दुसऱ्याच्या उणिवेतून. मोठ्याला दोन कमी पडले म्हणून दोनांना किंमत आली. १२० मिळाले असते तर तेच दोन आमदार मागच्या बाकावर बसले असते आणि कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नसते. तरीही वर्तमानपत्रे छोट्या पक्षांबद्दल लिहितात ते बहुतेक वेळा याच बळाबद्दल. 'सत्तेच्या चाव्या' वगैरे.

याच्या जोडीला एक तक्रार नेहमी ऐकू येते की छोटे पक्ष सरकारे पाडतात. कधीकधी ते खरे असते. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला. १८ खासदारांच्या अण्णा द्रमुकने पाठिंबा काढून घेतल्यामुळे ती वेळ आली होती. मायावतींच्या पक्षाचे पाच खासदार सरकारविरुद्ध गेले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी आपल्याच पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिले. तेव्हा मी शिक्षिका होते. वर्गात रेडिओ लावून आम्ही निकाल ऐकला होता आणि अकरावीच्या मुलांनी 'एका मताची किंमत' या विषयावर पुढे महिनाभर निबंध लिहिले.

पण मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यातले सरकार पडले ते दोन आमदारांच्या पक्षामुळे पडले नाही. सत्ताधारी मोठ्या पक्षातल्याच सहा मंत्र्यांसह २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि २० मार्चला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हे शाळेच्या पत्रिकेत ठरवायचे नाही आणि मी ठरवणारही नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की अस्थिरतेचा सगळा दोष छोट्यांवर टाकण्याआधी बेरीज-वजाबाकी नीट करावी.

मग या राज्यात छोटे पक्ष टिकतात का? फारसे नाही, आणि त्याचे मोठे कारण मतमोजणीच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. बाकीच्यांची मते त्या मतदारसंघापुरती संपली. २००८ मध्ये बहुजन समाज पक्षाला मध्य प्रदेशात सुमारे नऊ टक्के मते मिळाली होती. २३० चे नऊ टक्के काढा, वीस-एकवीस येतात. प्रत्यक्षात जागा मिळाल्या ७. पुढे २०१३ मध्ये ४, २०१८ मध्ये २ आणि २०२३ मध्ये एकही नाही. ज्या पक्षाची मते सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असतात, त्याला ही पद्धत चिरडते. ज्याची मते एका टापूत दाट असतात, तो एखादी जागा तरी काढतो. गोंडवाना गणतंत्र पक्षाने २००३ मध्ये महाकोशल भागाच्या जोरावर तीन जागा जिंकल्या होत्या.

२०२३ चे उदाहरण तर आपल्या माळव्यातलेच आहे. भाजपला १६३, काँग्रेसला ६६ जागा मिळाल्या आणि उरलेली एक रतलाम जिल्ह्यातल्या सैलानाची. ती भारत आदिवासी पार्टीचे कमलेश्वर डोडियार यांनी जिंकली. हा पक्ष स्थापन झाला होता त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, शेजारच्या राजस्थानातल्या आदिवासी भागात. राजस्थानात त्याने तीन जागा घेतल्या, इथे एक. निवडून आल्यावर हे आमदार सैलान्याहून भोपाळला मोटारसायकलने गेले होते. फोटो तुम्ही पाहिले असतील. २३० मध्ये एक म्हणजे सरकार पाडणे नाही की वाचवणे नाही. दुसऱ्याच्या उणिवेतून येणारे बळ त्यांच्याकडे शून्य आहे.

त्या मुलीचा प्रश्न खरा इथून सुरू होतो. ज्याची कोणालाच गरज नाही, त्या आमदाराने सभागृहात काय करायचे?

याचे सर्वांत चांगले उत्तर मला महाराष्ट्रातल्या शेतकरी कामगार पक्षाच्या इतिहासात सापडते. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधून वेगळी झाली आणि १९४७-४८ मध्ये शेकाप उभा राहिला. महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली निवडणूक १९६२ ची. सभागृह २६४ चे, त्यात काँग्रेस २१५ आणि शेकाप १५. पंधरा म्हणजे सहा टक्क्यांच्याही आत! तरी विरोधकांमध्ये तोच सर्वांत मोठा पक्ष, म्हणून विरोधी पक्षनेतेपद कृष्णराव धुळप यांच्याकडे आले आणि ते दहा वर्षे राहिले. त्यानंतर दिनकर पाटील, मग गणपतराव देशमुख, सगळे शेकापचेच. आज हे मुद्दाम सांगते, कारण २०१४ मध्ये लोकसभेत ४४ जागांच्या काँग्रेसला एकदशांश सदस्यसंख्येच्या संकेतावर बोट ठेवून विरोधी पक्षनेतेपद नाकारले गेले. तो संकेत १९६२ च्या मुंबईत लावला असता तर त्या सभागृहाला विरोधी पक्षनेताच मिळाला नसता.

या पक्षाचा जागांचा आलेख पाहाल तर तुम्हाला वाटेल, ही तर उतरणीची गोष्ट. १९६७ मध्ये १९, १९७२ मध्ये ७, १९७८ मध्ये १३, १९८५ मध्ये पुन्हा १३, १९९५ मध्ये ६, २००४ मध्ये २, २०१९ मध्ये १ आणि २०२४ मध्येही १. सरकारात शिरण्याचे प्रसंग मोजकेच, १९७८ आणि १९९९. मग या पक्षाचे नाव आजही आदराने का घेतले जाते?

सांगोल्याकडे पाहा. सोलापूर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. तिथून गणपतराव देशमुख १९६२ पासून २०१४ पर्यंत अकरा वेळा आमदार झाले. मध्ये १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले, हेही लक्षात ठेवा. पक्ष तोच, मतदारसंघ तोच. आमदार असूनही एस.टी.ने प्रवास करणारा माणूस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण मला त्यांच्या साधेपणापेक्षा त्यांच्या विषयाचे जास्त वाटते. त्यांचा विषय पाणी. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना कसे मिळेल, कोणती योजना कुठे अडली, कोणत्या वर्षी किती निधी दिला गेला, हे ते सभागृहात वर्षानुवर्षे विचारत राहिले. सभागृहाबाहेर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांतून तोच विषय लावून धरला. मंत्री बदलले, सचिव बदलले, सत्ताधारी बदलले. प्रश्न विचारणारा बदलला नाही. अशा माणसाला उत्तर देताना मंत्र्याला घरून अभ्यास करून यावे लागते, कारण मागचे उत्तर त्याच्या लक्षात असते. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. त्याआधी २०१९ मध्ये त्यांच्या पक्षाने सांगोल्याची जागा अवघ्या ७६८ मतांनी गमावली होती. २०२४ मध्ये ती परत मिळवली.

हे दुसऱ्या प्रकारचे बळ, विषयाचे. मोठ्या पक्षाला दोन कमी पडोत की वीस जास्त होवोत, या बळात फरक पडत नाही.

आणखी एक उदाहरण रोजगार हमीचे. श्रेय वाटताना इथे प्रामाणिक राहायला हवे. कल्पना कोणा छोट्या पक्षाची नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे काँग्रेसचे. त्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू केला. मग १९७२ चा दुष्काळ आला. लाखो माणसे खडी फोडायच्या कामावर गेली. त्यांना वेळेवर मजुरी मिळावी, कामे बंद पडू नयेत यासाठी जे मोर्चे निघाले, त्यांत शेकाप, लाल निशाण, समाजवादी, कम्युनिस्ट असे सगळे छोटे छोटे झेंडे होते. यांतल्या कोणाचीही सरकार पाडायची ताकद नव्हती. पण 'काम मागणाऱ्याला काम' ही गोष्ट उपकाराची न राहता हक्काची व्हावी, असा रेटा त्यांनी लावून ठेवला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. एका सत्ताधाऱ्याची कल्पना, रस्त्यावरच्या छोट्या पक्षांचा रेटा आणि सभागृहात सर्वांची संमती. इतिहास असाच गुंतागुंतीचा असतो, परीक्षेत एका ओळीत 'जनक कोण?' असे विचारतात ते सोडा.

तिसरे उदाहरण बॅरिस्टर नाथ पै यांचे. वेंगुर्ल्याचे, शिक्षण बेळगावात, १९५७ पासून राजापूरचे खासदार. त्यांचा प्रजा समाजवादी पक्ष १९६७ च्या लोकसभेत होता १३ जणांचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. मूलभूत हक्कांना धक्का लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. नाथ पैंनी खासगी सभासदाचे विधेयक आणले, की घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असला पाहिजे. दोन-तीन वर्षे त्यावर देशभर वाद झाला. कायदेपंडित दोन्ही बाजूंनी लिहीत होते. विधेयक मंजूर झाले नाही, लोकसभा विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै बेळगावात वारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. विधेयक सरकारचे, गाभा नाथ पैंचा. ते म्हणत होते तेच योग्य होते का, यावर आजही मतभेद आहेत. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संसदेच्या त्या अधिकाराला घटनेच्या मूळ चौकटीची मर्यादा घातली. पण तेरा जणांच्या पक्षातला एक माणूस देशाला काय बोलायला लावू शकतो, ते यातून दिसते.

हे करता येते ते सभागृहाच्या काही नियमांमुळे, आणि ते नियम तुम्हाला पाठ असावेत असे मला वाटते. मोठ्या चर्चेत वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो. छोट्या पक्षाच्या वाट्याला दोन-चार मिनिटे येतात, तीही संध्याकाळी, जेव्हा पत्रकार कक्ष रिकामा झालेला असतो. प्रश्नोत्तराच्या तासाचे मात्र तसे नाही. लोकसभेत दररोज तोंडी उत्तरासाठी २० तारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्यांचा क्रम सोडतीने ठरतो. चिठ्ठी पक्ष पाहत नाही. एकट्या खासदाराची चिठ्ठी पहिली निघाली तर त्याच्या प्रश्नाला मंत्री सर्वांआधी उभा राहून उत्तर देतो. शुक्रवारी दुपारनंतरचे शेवटचे अडीच तास खासगी सभासदांच्या कामासाठी असतात. या वाटेने आजवर फक्त १४ विधेयकांचे कायदे झाले आणि शेवटचा १९७० मध्ये, म्हणजे यशाचा रस्ता नव्हेच. पण विषय नोंदवायचा रस्ता आहे.

आपल्या इंदूरनेही एकदा असा माणूस दिल्लीला पाठवला होता. होमी दाजी, कापड गिरणी कामगारांचे कम्युनिस्ट पुढारी. १९६२ मध्ये ते अपक्ष म्हणून इंदूरचे खासदार झाले. माझे वडील गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्यांतले होते. ते सांगत, की गिरणीतल्या खाड्यांचा आणि बोनसचा प्रश्न लोकसभेत गेला म्हणजे आपण गेलो, असे कामगारांना वाटे. वडिलांचे राजकारण वेगळे होते, मतही त्यांनी दाजींना दिले होते की नाही, कोण जाणे. पण ही गोष्ट ते अभिमानाने सांगत.

आता दुसरी बाजू, कारण छोटा तो चांगला असे काही मला शिकवायचे नाही. सप्टेंबर २००६ मध्ये झारखंडात मधू कोडा हे अपक्ष आमदार थेट मुख्यमंत्री झाले आणि २००८ पर्यंत राहिले. त्यांच्यामागे पक्षच नव्हता, होती ती फक्त इतरांची उणीव. अशा बळाला जबाबदारी चिकटत नाही, हे तिथे दिसले. पुष्कळ पक्ष एका घराचे किंवा एका माणसाचे असतात. काही तर केवळ कागदावर असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष यादीतून काढून टाकले, कारण सहा वर्षांत त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती आणि दिलेल्या पत्त्यावर त्यांची कार्यालये सापडत नव्हती. पक्षांना देणगीवर करसवलत असते, हे पालक मंडळींना वेगळे सांगायला नको.

छोट्या पक्षाला खरा धोका मात्र मतदारापेक्षा स्वतःच्या आमदारांकडून असतो. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा, बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेला. सुरुवातीला एकतृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' म्हणून चालत असे. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. उरली ती विलीनीकरणाची, त्यासाठी दोनतृतीयांश लागतात. शंभर आमदारांच्या पक्षात सदुसष्ट जमवणे महाकठीण. तीन आमदारांच्या पक्षात? दोघे.

गोव्यात हेच घडले. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला होता, दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. महाराष्ट्रात विलीन व्हावे ही पक्षाची मुख्य मागणी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी नाकारली, तरी पक्ष १९७९ पर्यंत सत्तेत राहिला. पुढे ओहोटी लागली. २०१७ मध्ये उरले तीन आमदार. मार्च २०१९ मध्ये त्यांतल्या दोघांनी आपला गट भाजपमध्ये विलीन केला. दोन म्हणजे तिनाचे दोनतृतीयांश! उरलेले एकटे सुदिन ढवळीकर त्याच वेळी उपमुख्यमंत्रिपदावरून गेले. राजस्थानात बहुजन समाज पक्षाचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसमध्ये गेले, तेही दोनदा, २००९ आणि २०१९ मध्ये. आणि आपल्या राज्यात २०१८ चे ते 'चाव्यावाले' आठवतात ना? जून २०२२ मध्ये बसपाचा एक, समाजवादी पक्षाचा एकुलता एक आणि एक अपक्ष असे तिघे भाजपमध्ये गेले. ज्यांनी त्यांना त्या चिन्हावर मते दिली त्यांचे काय, हा प्रश्न कायद्यात कुठेच बसत नाही. माझ्या मते दहाव्या परिशिष्टातला हा सर्वांत कच्चा टाका आहे. नियम मोठ्या पक्षांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आणि लागतो तो छोट्यांना.

दुसऱ्या देशांत हे कसे चालते, असे बारावीच्या मुलांनी विचारले होते. एकच नमुना सांगते, जर्मनीचा. तिथे मतदाराला दोन मते असतात आणि पक्षाच्या एकूण जागा दुसऱ्या मताच्या टक्केवारीने ठरतात. म्हणजे नऊ टक्के मते असतील तर जवळपास नऊ टक्के जागा. पण पाच टक्क्यांचा उंबरठा आहे. तो ओलांडला नाही आणि निदान तीन मतदारसंघही थेट जिंकले नाहीत, तर काहीच नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या संसदेचे पक्षांमुळे तुकडे झाले होते, त्या आठवणीतून हा उंबरठा आला. त्याचा काच पाहा. फ्री डेमोक्रॅटिक पक्ष १९६९ ते १९९८ जवळजवळ सलग सरकारात होता, कधी या मोठ्या पक्षासोबत, कधी त्या. १९८२ मध्ये त्याने बाजू बदलली आणि हेल्मुट कोल चॅन्सलर झाले. त्याच पक्षाला २०१३ मध्ये ४.८ टक्के मते पडली. वीस लाखांहून अधिक माणसांचे मत आणि जागा शून्य. २०२५ मध्ये सारा वागेनक्नेख्त यांचा नवा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला. आपली पद्धत छोट्याला मतदारसंघात गाळते, त्यांची दारातच. यांत बरी कोणती, यावर वादविवाद स्पर्धा घेता येईल. माझा कल अजून ठरलेला नाही.

त्या नववीतल्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. तिला मी विचारले, "तुमची तयारी कशावर होती?" ती म्हणाली, "शाळेच्या बसवर. बायपासपलीकडच्या मुलांना सकाळी सव्वासहाला थांब्यावर उभं राहावं लागतं. आम्ही तिघं तिकडचेच." त्यांच्याकडे थांब्यांची यादी होती, वेळा होत्या, कोणत्या थांब्यावर किती मुले आणि किती मिनिटे, सगळे वहीत लिहिलेले होते. सत्ताधारी आणि विरोधक मिळून चाळीस मिनिटे परराष्ट्र धोरणावर बोलले होते.

ती वही मी विश्वस्त मंडळाच्या वाहतूक समितीकडे दिली आहे. तिच्यावर पुढच्या बैठकीत चर्चा व्हावी, ही या लेखातून मंडळाला विनंती.

दिवाळीनंतर अभिरूप संसद पुन्हा घेऊ. वेळापत्रक नवे असेल. पहिला अर्धा तास प्रश्नोत्तराचा, प्रश्नांचा क्रम सोडतीने, चिठ्ठ्या सहावीतली मुले काढतील. 'इतर' असा बाक राहणार नाही. तीन किंवा अधिक विद्यार्थ्यांना मिळून पक्ष काढता येईल, मात्र पक्षाला नाव, एक विषय आणि त्या विषयावरची किमान दहा पाने टिपणे हवीत. पक्षांतर करायचे असल्यास सभागृहात उभे राहून कारण सांगावे लागेल. नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.